बोलायचं किती, करायचं किती

प्रश्न : मी २४ वर्षांचा आहे. वर्षभरापूर्वी गोपाळ गणेश आगरकरांचे निबंध हाती आले आणि मी पार बदलून गेलो. घरच्या सत्यनारायणाला प्रसाद नाकारला, आईशी वाद घातला. मामेभावाच्या लग्नात मानपानावरून सगळ्यांदेखत बोललो. आता नातेवाईक मला बघून ‘आले सुधारक’ म्हणतात आणि आई जेवढ्यास तेवढंच बोलते. पण गेल्या महिन्यात माझ्या लग्नाचा विषय निघाला. वडील म्हणाले, ‘आपल्यातलीच बघू’ आणि मी गप्प बसलो. तेव्हापासून स्वतःची लाज वाटते. आगरकरांना गुरू मानणारा मी, मग त्यांचे विचार माझ्यात उतरले का नाहीत?
— एक वाचक

उत्तर : तुला ‘तू’च म्हणते, माझा धाकटा तुझ्याहून मोठा आहे.

आधी प्रसादाचं मिटवू. सत्यनारायणाचा शिरा मी खाते. देवाशी माझं काही नाही, शिऱ्याशी आहे. तुला नको असेल तर खाऊ नकोस, पण त्याला लढाई समजू नकोस. तुझ्या पत्रातली खरी गोष्ट शेवटच्या तीन-चार ओळींत आहे. मामेभावाच्या लग्नात बोलायला तुला काय पडलं? चार लोकांची नाराजी. स्वतःच्या लग्नात बोलायला बरंच पडणार होतं, आणि तिथे तुझी जीभ टाळूला चिकटली. यात नवल काही नाही. माझीही चिकटली आहे.

आगरकरांचं आईला लिहिलेलं पत्र तू वाचलंच असशील. मुलगा मोठाल्या परीक्षा देतोय, आता मोठ्या पगाराची नोकरी लागेल आणि पांग फिटतील, असे मनोरथ, आई, तू करत असशील. पण मी पोटापुरत्या पैशावर संतोष मानून बाकीचा वेळ परहितासाठी घालवणार, असं त्यात आहे. शाळेत हे पत्र आम्हाला त्यागाचा धडा म्हणून शिकवलं आणि पुढे पंचवीस वर्षं मीही तसंच शिकवलं. आता मला त्यात वेगळंच दिसतं. या माणसाने पहिला वाद स्वतःच्या खिशाशी घातला. तोही टेंभूच्या गरिबीतून वर आलेल्याने, ज्याच्या आईला त्या पगाराची खरोखरच गरज होती. आणि आईला अंधारात न ठेवता आधीच सांगून टाकलं. समाजाशी भांडण नंतरचं. ‘केसरी’चं संपादकपद सोडणं, १८८८ मध्ये स्वतःचं ‘सुधारक’ साप्ताहिक काढणं, जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा निघालेली पाहणं, हे सगळं त्या पत्रानंतर. दम्याने पोखरलेल्या शरीराने हे करत १८९५ मध्ये ते गेले, तेव्हा वयाची ३९ वर्षंही पुरी झाली नव्हती.

‘सुधारक’ काढताना त्यांनी लिहिलं होतं : ‘इष्ट असेल ते बोलणार व साध्य असेल ते करणार.’ या वाक्यात दोन क्रियापदं आहेत. आपल्याकडे भिंतीवर लावताना दोन्ही एकाच दमात वाचतात. बोलण्याला त्यांनी कसलीही सीमा घातलेली नाही, करण्याला घातली आहे. आणि करणारा कोण? बोलणाराच. आपण काय करतो? दुसऱ्याने इष्ट ते करावं असा आग्रह धरतो आणि स्वतःपुरतं सोयीचं तेवढं बोलतो. घरात त्यांनी काय केलं तेही बघ. स्वतः नास्तिक, पण पत्नी यशोदाबाईंच्या देवधर्माला आडकाठी नाही. याला कोणी तडजोड म्हणेल. मी म्हणत नाही.

माझी गोष्ट सांगते. १९८४, संक्रांतीचं हळदीकुंकू, मी तेवीस वर्षांची. आमची काकू ऐन तिशीत विधवा झालेली. तिळाच्या वड्या तीच थापायची, वाणाच्या डब्या तीच पुसून मांडायची आणि बायका यायच्या वेळेला आतल्या खोलीत जाऊन बसायची. मी नुकतेच केशवपनावरचे निबंध वाचले होते. करंडा घेऊन आत गेले, काकूला हाताला धरून बाहेर आणलं आणि पंधरा बायकांपुढे भाषण ठोकलं. काकूने हात सोडवून घेतला, पदर सारखा केला आणि आत निघून गेली. रात्री भांडी विसळताना, माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘मला कुंकू हवंय की नको, हे तू कधी विचारलंस?’

बुद्धीला पटेल तेच मानायचं, हे मी आगरकरांकडून उचललं होतं. पण काकूलाही बुद्धी आहे हे माझ्या गावीच नव्हतं!

पुढे माझं स्वतःचं बिऱ्हाड झालं. पहिल्या संक्रांतीआधी महिनाभर काकूकडे गेले आणि विचारलं. ती म्हणाली, कुंकू नको, पण वाण मी देईन. त्या संध्याकाळी ती दाराशी पाटावर बसली आणि येणाऱ्या प्रत्येकीच्या हातात तिने चहाची गाळणी ठेवली. दोघीजणी वाण न घेताच गेल्या, त्यातली एक माझी सासू. बाकीच्यांनी घेतलं. सासूबाई पुढची दोन वर्षं त्या दिवशी माझ्याकडे आल्या नाहीत. मला ते सोसलं, कारण या वेळी किंमत काकूच्या नव्हे, माझ्या पदरात पडली होती.

तुझं ‘साध्य’ मला इथून दिसतं. विवाहसंस्थेत किंवा वधूवर संकेतस्थळावर तुझं नाव घालतील, त्या फॉर्मात जातीचा रकाना असतो. ‘अट नाही’ असं तिथे तू स्वतः लिही. पण आधी आईला सांग, फॉर्म वाचून तिला कळायला नको. आईशी बोलणं तुटलंय म्हणतोस, तर सुरुवात मानपानावरून सगळ्यांदेखत बोललास त्याची माफी मागून कर. मुद्दा बरोबर होता, जागा चुकली.

आणि तिच्यापुढे आगरकरांचं नाव काढू नकोस. कुणीतरी थोर माणूस म्हणाला म्हणून मान्य करा, ही रीत त्यांनाच पटली नसती. मिल आणि स्पेन्सर हे इंग्रज विचारवंत त्यांनी मनापासून वाचले, पण लिहिताना पदरची कारणं दिली. तूही तुझी कारणं दे. अडखळत दिलीस तरी चालेल.

रकान्यात शेवटी काय लिहिलंस, ते कळव.