गोयाचं छोटं चित्र आणि घुमटावरचं मोठं

प्रश्न : मुलीकडे पिट्सबर्गला गेलो असताना तिथल्या कार्नेगी कलासंग्रहालयात स्पॅनिश चित्रकार गोयाचं एक लहानसं तैलचित्र पाहिलं. संत अँथनी मृत माणसाला उठवतात, तो प्रसंग. माद्रिदच्या राजघराण्याच्या चॅपलमधल्या घुमटासाठी आधी केलेलं हे चित्र. आम्हा वसईकरांना हा संत घरचाच. पण घुमटाचे फोटो पाहिले, तर तिथे ते जसंच्या तसं उतरलेलं नाही. मग आधी एवढं रंगवायचं कशाला?
– एक वाचक, वसई

उत्तर : भित्तिचित्रं शिकवायचो तेव्हा मुलंही हेच विचारायची. असं चित्र एक तर काम देणाऱ्याला दाखवायला लागतं. स्पेनमधल्या सारागोसाच्या पिलार बॅसिलिकात, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चमध्ये, 1781 मध्ये बांधकाम समितीने गोयाची रेखाटनं नापसंत केली आणि त्याला ती नव्याने करून द्यावी लागली. मानी माणूस, त्याला ते फार लागलं. 1798 मध्ये राजा चौथा कार्लोस याने सान आंतोनियो दे ला फ्लोरिदाचं, म्हणजे तुम्ही म्हणता त्या चॅपलचं, काम दिलं, तेव्हा अशी समिती डोक्यावर नव्हती. तरीही त्याने छोटी चित्रं केलीच, कारण उजेड कुठून येणार, गर्दी कुठे दाटणार, हे त्याला स्वतःला ठरवायचं होतं. चेहरे आणि हातवारे पुढचं काम.

ते भिंतीवर ठरतं. फ्रेस्कोत ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर रंग लावतात आणि चुना सुकताना तो पक्का धरून ठेवतो. (अजिंठ्याची चित्रं सुक्या गिलाव्यावरची, दोन्हींची गल्लत करू नये.) त्यामुळे दिवसाभरात रंगवून होईल तेवढाच तुकडा लिंपायचा, त्यावर बोथट टोकाने रेषा ओढायच्या आणि लगेच रंगाला हात घालायचा. फ्लोरिदाच्या गिलाव्यात या खाचा आजही आहेत. बाजूने तिरपा उजेड टाकला की उठून दिसतात. कित्येक ठिकाणी गोयाचा रंग खाच सोडून भलतीकडेच गेला आहे. मला त्या घुमटात सगळ्यांत मोलाच्या वाटतात त्या याच जागा. बावन्न वर्षांचा, ठार बहिरा झालेला माणूस परांचीवर उभा राहून, गिलावा सुकायच्या आत आपलाच बेत मोडतो आहे!

प्रसंग लिस्बनचा आहे. संताच्या वडिलांवर खुनाचा आळ आला, तेव्हा संताने मृतालाच उठवून साक्ष द्यायला लावली. गोयाने मात्र घुमटाभोवती कठडा रंगवला आणि त्यामागे आपल्या काळातले माद्रिदकर उभे केले. एक पोरगं तर कठड्यावरच चढलं आहे. देवदूत एरवी वर असतात, इथे ते खालच्या कमानींवर आहेत.

माद्रिदला जाणं झालं तर छोटी दुर्बीण जरूर न्या. उपासना 1928 पासून शेजारच्या जुळ्या चॅपलमध्ये होते, म्हणून जुन्यात निवांत मान वर करून पाहता येतं. गोयाची कबरही तिथेच आहे.