एफपीजीए आणि इथरनेट फाय यांच्यातल्या ट्रेसचा इम्पीडन्स कसा जुळवायचा?

म्हणजे तुमच्याकडे आर्टिक्स-७ (एफपीजीए, म्हणजे हवं ते लॉजिक भरता येणारी चिप) आणि गिगाबिट इथरनेटची फाय चिप (नेटवर्कच्या केबलशी बोलणारी) यांच्यात साधारण ८ सेंटिमीटर लांबीचं आरजीएमआयआय (या दोघींमध्ये डेटा नेणाऱ्या सिग्नलांचा गट) आहे, बोर्ड चार थरांचा आहे. डेटाशीट फक्त '५० ओहम ट्रेस' (ट्रेस म्हणजे बोर्डवरची तांब्याची पट्टी) म्हणतंय, चिपचा स्वतःचा इम्पीडन्स (धावत्या सिग्नलला होणारा विरोध) कुठेच दिलेला नाही, आणि दोन्ही टोकांना ५० ओहम लावावेत का, हा प्रश्न आहे.

लावू नका. दोन्ही टोकं बांधलीत तर सिग्नल निम्म्यावर, म्हणजे २.५ व्होल्टच्या जागी १.२५ वर येऊन बसेल. एक की शून्य हा घोळ नेमका तिथेच होतो. शिवाय प्रत्येक पिनमधून करंट फुकट वाहत राहील तो वेगळाच.

मुळात इथे एक चिप दुसरीशी जुळवायचीच नसते. जुळवायचं ते पाठवणाऱ्या पिनला ट्रेसशी. घेणारी सीमॉस पिन ट्रेसच्या दृष्टीने जवळपास उघडं टोकच. तिथे लाट दुप्पट होते आणि मागे फिरते. ती फिरू द्या, फक्त उगमाशी जिरली पाहिजे.

समजा ड्रायव्हर (पाठवणाऱ्या पिनमागचं सर्किट) २० ओहमचा आहे. रिझिस्टर नसेल तर ट्रेसवर सुरुवातीला २.५ × ५०/७० = १.७९ व्होल्ट चढतात आणि पलीकडच्या पिनवर ते ३.५७ होतात. तुमच्या ८ सेंटिमीटरला जायला-यायला मिळून जवळपास १ नॅनोसेकंद लागतो. सिग्नलची कड (शून्यावरून एकवर किंवा उलट जाण्याची उडी) त्याहून जलद असेल तर हा उसळता व्होल्टेज पूर्ण दिसणार. (घड्याळ १२५ मेगाहर्ट्झचंच आहे, यावर निर्धास्त राहू नका, त्रास देते ती कड.) आता ड्रायव्हरला चिकटून ३३ ओहम टाका: निघताना १.२१, पोचल्यावर २.४३, आणि परत आलेली लाट ५३ ओहमला भेटून जवळपास संपते.

तो २० चा आकडा आयबिस फाइलमध्ये (चिपच्या पिनांच्या विद्युत मॉडेलची फाइल) मिळतो. पुलडाउनच्या (पिन शून्याकडे ओढतानाच्या) तक्त्यात ०.५ व्होल्टला २५ मिलिअँपिअर दिसले, तर झाले २० ओहम. पुलअपचा (एककडे ओढतानाचा) तक्ताही बघा, दोन्ही क्वचितच सारखे असतात. आर्टिक्स-७ मध्ये ड्राइव्ह (पिनची ताकद) १२ वरून ८ मिलिअँपिअरवर आणली की हा आकडा वाढतो, मग रिझिस्टर लहान घ्यावा लागतो. डीसीआयच्या (चिपच्या आतच इम्पीडन्स जुळवणारी सोय) भरवशावर राहू नका. ती एचपी बँकमध्ये (जलद पिनांच्या गटात) असते आणि आर्टिक्सला एचपी बँकच नाही.

टीएक्सचे (एफपीजीएकडून जाणाऱ्या सिग्नलांचे) रिझिस्टर एफपीजीएजवळ, आरएक्सचे (फायकडून येणाऱ्यांचे) फायजवळ. सगळे एका ओळीत छान दिसतात म्हणून एकाच बाजूला लावलेले बोर्ड मी बरेच पाहिलेत. त्यातले निम्मे रिझिस्टर शोभेचे असतात.

ट्रेसची रुंदी फॅबच्या (बोर्ड बनवणाऱ्याच्या) स्टॅकअपवरून, म्हणजे थरांच्या रचनेवरून काढा. वरच्या थराखाली ०.२ मिलिमीटरवर ग्राउंड असेल तर ५० ओहमला साधारण ०.३५ मिलिमीटर लागतात. हेच १.६ मिलिमीटरच्या दोन थरांच्या बोर्डवर ३ मिलिमीटरच्या आसपास जातं, म्हणून तिथे हा नाद सोडलेलाच बरा. आणि ट्रेसखालचं ग्राउंड मध्येच कापू नका. चिरेवरून ट्रेस गेला की रुंदीचा सगळा हिशोब पाण्यात.

लांबी जुळवण्यासाठी नागमोडी ट्रेस काढत मात्र बसू नका. १ सेंटिमीटरच्या फरकाने ६० पिकोसेकंद बिघडतात आणि एक बिट ४ नॅनोसेकंदांचा असतो. त्यापेक्षा घड्याळाचा सुमारे २ नॅनोसेकंदांचा डिले एफपीजीए देणार की फाय, हे आधी ठरवा. दोघांनीही दिला किंवा कोणीच नाही दिला, तर इम्पीडन्स कितीही नेटका असला तरी लिंक चालणार नाही. एमडीआयओ (फायची सेटिंग्ज बदलायची तार) संथ आहे, त्याला पुलअप रिझिस्टर पुरे.

स्कोप (ऑसिलोस्कोप) लावाल तो घेणाऱ्या पिनवर. रिझिस्टरच्या लगेच पुढे प्रोब टेकवलात तर निम्म्या उंचीवर पायरी दिसेल; ती असायलाच हवी. प्रोबची लांब ग्राउंड वायर काढून स्प्रिंग वापरा, नाहीतर त्या वायरचंच रिंगिंग बघून रिझिस्टर बदलत बसाल. ०४०२ आकाराच्या रिझिस्टरचे पॅड ठेवून ३३ ने सुरुवात करा, अजून उसळी दिसली तर ३९, कड फारच मंदावली तर २२.