वादळात पडलेल्या वडाची वलयं मोजून शाळेतल्या मुलांना गावाचा इतिहास शिकवता येईल का?

वडाची? नाही. वड, पिंपळ, आंबा, कडुनिंब यांच्या लाकडात वर्षाला एक अशी भरवशाची वलयं मिळत नाहीत. त्यात वडाच्या बुंध्यात पारंब्या मिसळलेल्या असतात. वलयं मोजून 'हा वड तीनशे वर्षांचा' म्हणणारा थाप मारतो आहे.

पण त्याच्याहून जास्त डोकं फिरवतात ते दुसऱ्या टोकाचे लोक. 'आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग झाडांत वलयं कुठली?' अहो, साग बघा. उन्हाळ्यात पानं झडतात, पावसाबरोबर वाढ सुरू होते आणि दरवर्षीचं वलय मोठ्या छिद्रांच्या ओळीने सुरू होतं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांचं ठाणे भागातल्या सागावरचं काम 1983 सालचं आहे. केरळातल्या सागाच्या वलयांची 523 वर्षांची मालिका त्यांनी 2010 मध्ये छापली. बर्फाची गरज पडली नाही.

तेव्हा सॉ मिलमधून किंवा बांधावरचा साग परवानगीने तोडलेल्या शेतकऱ्याकडून खोडाच्या आडव्या चकत्या मागा. एक नको, निदान तीन, आणि वेगवेगळ्या झाडांच्या. जाडी 5 ते 7 सेंमी. बुडातली चकती घेऊ नका, सागाचा बुंधा तिथे पन्हळीसारखा असतो आणि खोलगट भागात वलयं एकमेकांत घुसतात. छातीच्या उंचीवरची, म्हणजे सुमारे 1.3 मीटरवरची घ्या. साल शाबूत हवी आणि झाड कोणत्या महिन्यात तोडलं ते माहीत हवं. डिसेंबर 2024 मध्ये तोडलं असेल तर सालीलगतचं वलय 2024 चं. मे 2025 मध्ये तोडलं तरी 2024 चंच, कारण नवीन वाढ अजून सुरू व्हायची असते. जुलैत तोडलं तर बाहेर अर्धवट वलय असतं, आणि तिथेच मुलांचं सगळं गणित एका वर्षाने सरकतं.

चकती सावलीत वाळवा. उन्हात ठेवली तर गाभ्यापासून सालीपर्यंत तडकते. मग पॉलिश पेपर क्रमाने 80, 120, 220, 400. आधीच्या कागदाचे ओरखडे जाईपर्यंत पुढचा घ्यायचा नाही. सागाच्या तेलाने कागद लवकर भरतो, ब्रशने झटकत राहा. शेवटी पांढरा खडू घासून पुसा, छिद्रांत भुकटी बसते आणि वलयाची सीमा भिंगाशिवायही दिसते.

आता मोजणी. सालीकडून आत या. 2020, 2010 अशा वर्षांवर पेन्सिलीचं एक टिंब द्या, 1950 वर दोन, 2000 वर तीन. दोन वेगवेगळ्या त्रिज्यांवर मोजा. आकडे जुळले नाहीत तर आनंद माना, खरा धडा तिथेच आहे. पावसात मोठा खंड पडला किंवा अळीने पानं फस्त केली की सागात खोटं वलय उमटतं. त्याची कड धूसर असते आणि बऱ्याचदा ते पूर्ण फेरी मारत नाही. उलट फार वाईट वर्षी काही बाजूंना वलय पडतच नाही.

म्हणून नुसतं मोजणं म्हणजे कालनिर्णय नव्हे, जुळवणं म्हणजे कालनिर्णय. प्रत्येक चकतीसाठी आलेखकागदाची एक पट्टी करा, एका रेघेला एक वर्ष. शेजारच्या वलयांपेक्षा जितकं अरुंद, तितकी उभी रेघ लांब. तिन्ही पट्ट्या एकाखाली एक सरकवा. एखादी अमुक ठिकाणापासून आत सतत एक वर्ष चुकत असेल तर दोष तिथल्याच वलयात आहे. हे न करता चकतीवर टाचण्या टोचून 'इथे राज्याभिषेक, इथे स्वातंत्र्य' असे कागद लावतात, ती सजावट आहे. हे मी कित्येकांना सांगून थकलो.

पट्ट्या जुळल्या की तहसीलचे पावसाचे आकडे शेजारी मांडा आणि मुलांना म्हाताऱ्यांकडे पाठवा. 1972 च्या दुष्काळाआधीपासून उभा असलेला साग मिळाला तर दुष्काळी कामावरच्या सुकडीच्या आणि खडी फोडण्याच्या आठवणी त्या अरुंद वलयांशेजारी लिहिता येतात. काळा व्रण दिसला तर वणव्याचं साल विचारा. अचानक रुंद झालेली वलयं बहुतेक वेळा शेजारची झाडं तोडल्याची खूण असतात.

जुन्या वाड्याच्या तुळया मोजायचा मोह होईल. चौकोनी तासताना बाहेरची वलयं गेलेली असतात, त्यामुळे झाड कधी तोडलं ते कळत नाही. शिवाय तुळई बर्मा टीकची, म्हणजे ब्रह्मदेशातून आणलेल्या सागाची असली तर तिच्यात तुमच्या गावचा पाऊस नाहीच.

आणि हो, आधी सांगायला हवं होतं: गाभ्याजवळची वलयं कोवळ्या वयामुळेच रुंद असतात, त्यांना ओली वर्षं समजू नका. कोकणासारख्या भरपूर पावसाच्या जागी किंवा विहिरीकाठच्या झाडात दुष्काळ फिका उमटतो. कोरड्या उताराचा साग मिळाला तर तोच घ्या.