शॉर्टस्टॉप: आधी हात की आधी बॅट?

प्रश्न: बेसबॉल टीममध्ये शॉर्टस्टॉप निवडताना फिल्डिंग बघायची का बॅटिंग? बॅट चालत नसेल तर नुसत्या फिल्डिंगवर टीममध्ये घ्यायचं का? – एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर: घ्यायचं, पण किती रन वाचवतोय ते बघून. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली ही जागा, उजव्या हाताचे बॅटर जास्त म्हणून बॉल सारखे तिकडेच येतात आणि फेकही लांबची, त्यामुळे तिथे ढिला माणूस चालतच नाही. शॉर्टस्टॉप ऑझी स्मिथचंच बघा ना, १९८१ मध्ये सॅन डिएगोकडून अ‍ॅव्हरेज (हिटचं प्रमाण; हिट म्हणजे बॉल मारून बेसवर सुखरूप पोचणं) फक्त .२२२, तरी सेंट लुईसने गॅरी टेम्पलटन देऊन त्याला घेतला, आणि टेम्पलटन म्हणजे १९७९ मध्ये २११ हिट्स मारलेला बॅटर! १९८२ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाची फायनल, सेंट लुईसनेच जिंकली. स्मिथला एकूण १३ गोल्ड ग्लव्ह (उत्तम फिल्डिंगचं बक्षीस) मिळाले, होमरन मात्र अख्ख्या करिअरमध्ये २८.

उलट डेरेक जीटर, ३४६५ हिट्स, फिल्डिंगवर कायम वाद, तरी त्याच्या टीमने, न्यूयॉर्क यँकीजनी, त्याला शॉर्टस्टॉपवरून हलवलं नाही. एवढी बॅट असेल तर माझीही हरकत नाही. पण दोघं साधारणच बॅटर असतील तर मी डोळे झाकून चांगल्या हातांचा घेईन, विशेषतः तुमचे पिचर (बॉल टाकणारे) जमिनीलगतचे बॉल मारायला लावणारे असतील तर.