गाल बसले तेव्हा आणि पोट सुटलं तेव्हा

एचआयव्हीच्या औषधाच्या एका डबीत तीस गोळ्या असतात, रोजची एक. महिन्यानं सुमनअक्का (नाव बदललं आहे) आल्या, तेव्हा डबीत चौदा शिल्लक होत्या. मी दोनदा मोजल्या.

"अक्का, एक दिवसाआड घेताय काय?"

त्यांनी पदर पोटावर ओढून घेतला. "ताई, पोट सुटलंय बघा. शेडवरच्या बायका इचारत्यात, दिवस गेल्यात काय म्हणून. मालक जाऊन सोळा वर्सं झाली. काय सांगू त्यास्नी?"

तासगाव भागातल्या एका बेदाणा शेडवर अक्का निवडायला जातात. दिवसभर मांडी घालून बसायचं, मधे चार-पाच वेळा गोड चहा. दोन वर्षांत वजन ४६ वरून ५७ किलोवर गेलं होतं, आणि त्यातलं बरंचसं पोटावर.

"गोळ्यांनी पोट सुटतं का, आणि बंद केल्या तर उतरेल का?" हे मला सांगलीत दर आठवड्याला कुणी ना कुणी विचारतं. कितीतरी दिवस मी हसून म्हणायचे, "वजन वाढलं म्हणजे तब्येत सुधारली की!" ते अर्धंच खरं होतं. उपचाराआधी खंगलेलं शरीर भरून येतं, हे खरंच. पण विधवा बाईच्या वाढत्या पोटाकडे गाव कसं बघतं, हे त्या उत्तरात कुठंच नव्हतं. अक्कांनी गोळ्या का गाळल्या, हे मला त्या दिवशी समजलं.

त्यांना गोळ्यांची भीती वाटायला आणखी एक जुनं कारण होतं. २००७ मध्ये त्यांचे उपचार सुरू झाले, तेव्हा त्यांच्या गोळीत स्टॅव्हुडीन हे एचआयव्हीवरचं जुनं औषध होतं. त्या काळात ते स्वस्त होतं आणि त्यानं असंख्य जीव वाचवले. पण चरबीच्या पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांना ते बाधतं, त्यामुळे गाल, हात, पाय, ढुंगण यांवरची चरबी झिजत जाते. अक्कांचे गाल बसले, हातांवरच्या शिरा दिसायला लागल्या. गावात कुणी काही बोललं नाही, पण घरचा चहा मात्र वेगळ्या कपात यायला लागला. जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्ये हे औषध टप्प्याटप्प्यानं बंद करायला सांगितलं, आणि पुढे अक्कांचीही गोळी बदलली. गेलेली चरबी फार सावकाश परत येते, बऱ्याचदा पूर्ण येतच नाही. अक्कांचे गाल अजून तसेच आहेत.

आताची गोळी वेगळी आहे: टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडीन आणि डोल्युटेग्रॅव्हिर. या गोळीनं चरबी तशी झिजत नाही. डोल्युटेग्रॅव्हिरवर अनेकांचं वजन वाढतं, बायकांचं जास्त. त्याआधी अक्का एफाविरेंझ घेत होत्या. काही जणांचं वजन ते औषध दाबून धरतं. ते सुटलं की काटा वर सरकतो. त्यात पंचेचाळिशी, बैठं काम आणि साखरेचा चहा. सगळा दोष गोळीवर टाकता येत नाही, आणि गोळीचा काहीच संबंध नाही असंही म्हणता येत नाही. मी अक्कांना हे दोन्ही सांगितलं.

मग बंद करण्याचं. गोळ्या थांबल्या की विषाणू पुन्हा वाढतो आणि सीडीफोर (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची संख्या) उतरतं. अशा गाळागाळीत औषधाला न जुमानणारा विषाणूही तयार होऊ शकतो. आरशात बघून डोस ठरवायचा नाही. गोळी बदलायची की नाही हे डॉक्टर तपासण्या पाहून सांगतील. डॉक्टरांनी उपाशीपोटी साखर, कोलेस्टेरॉल आणि व्हायरल लोड (रक्तात विषाणू किती आहे ते) लिहून दिलं. तपासणीत सापडण्याइतका विषाणू रक्तात नव्हता, हे नशीब. साखर मात्र ११२ आली: मधुमेह नाही, पण त्याच वाटेवर. पुढे कुणी मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध सुरू केलंच, तर आपल्या या गोळीबद्दल त्या डॉक्टरला आधी सांगायचं, हे मी दोनदा घोकून घेतलं. या गोळीमुळे मेटफॉर्मिनचं रक्तातलं प्रमाण वाढतं, म्हणून त्याचा डोस बेतानं ठेवावा लागतो.

ज्वारीची भाकरी सोडायला मी सांगितलं नाही. चहा दोन वेळा, तोही बिनसाखरेचा, आणि शेडवरून घरी परतताना बसमधून एक थांबा आधी उतरून चालत जायचं, एवढंच. शेडवरच्या बायकांना काय सांगायचं हेही आम्ही दोघींनी बसून ठरवलं: "थायरॉइडच्या तपासण्या चालू हायेत." मला खोटं शिकवायला आवडत नाही. पण स्वतःचा आजार कुणाला सांगायचा हा हक्क अक्कांचा आहे, शेडचा नाही.

सहा महिन्यांनी वजन दोनच किलोनं उतरलं होतं, पण कंबर ९१ वरून ८७ सेंटिमीटरवर आली होती. आपल्याकडच्या बायकांसाठी ८०च्या वर धोका धरतात, म्हणजे अजून बरंच बाकी आहे. डबीत दोन गोळ्या उरल्या होत्या, तारखेप्रमाणे बरोबर.

मोजायची टेप आता माझ्या खणात कायम असते. वजन वाढलंय असं कुणी म्हणालं, की आधी कंबर मोजते आणि मग विचारते, "गावात कोण काय म्हणालं?"