लष्कराची जुनी जोंगा जीप घेतली आहे. कामाची सुरुवात कुठून करू? डिझेल इंजिन टाकू का?

डिझेल इंजिन टाकू नका, असं मी मनापासून सांगेन. जबलपूरच्या कारखान्यात निस्सानच्या ‘पेट्रोल’ (Patrol) या मॉडेलवरून बनलेल्या या गाडीचं मूळ सहा सिलिंडरचं, ३९५६ सीसीचं पेट्रोल इंजिन हाच तिचा जीव आहे. पेट्रोल भरपूर पितं, हे खरं. पण इंजिन बदललं की आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नोंद दोन्ही लागतात, शिवाय माउंटिंग आणि गिअरबॉक्सची जुळवाजुळव वेगळीच.

आधी चॅसी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, बघा. बॉडी उतरवून, चिखल-ग्रीस खरवडून हातोडीने ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर पत्रा शाबूत आहे. बद्द आवाज आला तर तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, आत गेला तर तेवढा भाग कापून नवा पत्रा वेल्ड करावा लागेल. बॉडी टेकते ते ब्रॅकेट आणि स्प्रिंगच्या पाट्यांचे शॅकल (पाट्या चॅसीला जोडणाऱ्या कड्या) बसतात त्या जागा हमखास सडतात. पुटी भरून रंग मारणाऱ्या गॅरेजवाल्याला गाडी देऊच नका.

मग ब्रेक: सिलिंडर, पाइप, रबरं सगळं नवं. पेट्रोलची टाकी आतून साफ केल्याशिवाय इंजिन सुरू करू नका, गंज थेट कार्बोरेटरमध्ये जातो. फोर व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना इंजिनची ताकद) चिखलात किंवा वाळूत तपासा, कोरड्या डांबरी रस्त्यावर नको; वळताना गिअर आणि जॉइंटवर ताण येतो.

आणि रंग. लष्करी हिरवा कितीही आवडला तरी खासगी गाडीला तो कायद्याने चालत नाही.