सायकल क्लबची वेबसाइट करतोयस ना, मग हे वाच

हे बघ, होमपेजवर तो ड्रोनवाला मोठा व्हिडिओ अजिबात नको. लोक शनिवारी रात्री झोपायच्या आधी मोबाइलवर एवढंच बघतात की उद्या किती वाजता, कुठून आणि किती किलोमीटर, तर ते सगळ्यात वर पाहिजे. राइड कॅन्सल झाली तर तेही तिथंच. आणि मागच्या वर्षीची तारीख वर तशीच पडून राहिली की लोकांना वाटतं क्लब बंद पडला.

राइडची माहिती मात्र नीट लिही. नुसतं 'बोपदेव घाट, मीडियम' लिहिलं तर नवीन माणसाला काय घंटा कळणार? पुण्याहून बोपदेवने चढून सासवड, येताना दिवे घाटाने खाली, एकूण अंतर किती, चढ किती, साधारण स्पीड काय, नाश्ता कुठे, आणि मागे राहिलेल्यासाठी कोणी थांबणार का, कारण निम्मे नवीन लोक याच भीतीने येत नाहीत. सोबत जीपीएक्स फाइल दे, म्हणजे मोबाइलवर उघडून रस्ता बघता येतो. पालखी दिवे घाटातून जाते तेव्हा वाहतूक वळवतात, तेही आठवणीने टाक.

बीआरएमवाले, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ल्याची राइड पूर्ण करणारे, असतील तर टाइम लिमिट लिही, 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 300 ला 20.

'आमच्याबद्दल' चार ओळीत उरक, कोणी वाचत नाही. फोटो साइज कमी करून टाक, लहान मुलांचे तर आईबाबांना विचारूनच. आणि डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, स्वतःच्या नावावर घेऊ नको, क्लबच्या ईमेलवर घे, पासवर्ड दोघांकडे ठेव.